शेतात जड यंत्रे काम करीत असताना घ्यावयाची काळजी

रब्बीची काढणी आटोपून रान मोकळे झाले की मार्च ते मे या काळात गावोगाव जेसीबी व पोकलेन यंत्रांची घरघर सुरू होते. कोठे शेततळ्याची खोदाई चालू असते, कोठे बांधबंदिस्ती, कोठे नाला रुंद व खोल केला जातो, तर कोठे तलावातील गाळ ट्रॉलीने आणून हलक्या जमिनीवर पसरला जातो. जलयुक्त शिवार (२०१४), मागेल त्याला शेततळे (२०१६) आणि गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार (२०१७) या योजनांनंतर तर ही यंत्रे न पाहिलेले शिवार महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पूर्वी जे काम पाच-पंचवीस माणसे टिकाव-फावड्याने उन्हाळाभर करीत, ते आता काही दिवसांत उरकते. ही सोय मोठी आहे, याबद्दल दुमत नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. धरणाच्या, पुलाच्या किंवा मोठ्या रस्त्याच्या कामावर हीच यंत्रे चालतात तेव्हा तेथे अभियंता असतो, मुकादम असतो, यंत्र मागे घेताना शिट्टी वाजविणारा माणूस असतो आणि सुरक्षिततेसाठी कोणाला तरी जबाबदार धरलेले असते. आपल्या शेतात यांपैकी कोणीही नसते. यंत्रमालक तालुक्याच्या गावी असतो. ऑपरेटर पुष्कळदा परजिल्ह्यातील किंवा परप्रांतातील असतो. त्याला आपली विहीर माहीत नसते, जमिनीखालची पाइपलाइन माहीत नसते आणि काही वेळा मराठीही नीट समजत नाही. यंत्र बांधावरून आत आले, की त्या कामाचा मुकादम शेतकरी स्वतःच असतो. बहुतेकांना हे जाणवत नाही. ते कडेला उभे राहून काम पाहतात, घरची मुले पाहायला येतात, शेजारीपाजारी जमतात आणि थोड्याच वेळात बांधावर जत्रा भरते. या लेखात हे मुकादमपण कसे पार पाडावे, याचा विचार शेततळ्याच्या खोदाईच्या निमित्ताने करू.

यंत्राचे वजन आणि पोच

आपल्याकडे मागे खोदण्याचा हात व पुढे भरण्याचे मोठे बकेट असलेल्या चार चाकी यंत्रास सरसकट जेसीबी म्हणतात, तर पट्ट्यावर चालणाऱ्या व स्वतःभोवती पूर्ण फिरणाऱ्या यंत्रास पोकलेन म्हणतात. खरे पाहता ही दोन्ही नावे कंपन्यांची आहेत, पहिली इंग्लंडमधील आणि दुसरी फ्रान्समधील. यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी लोकांच्या तोंडी तीच नावे बसली आहेत आणि आपणही तीच वापरू.

जेसीबीचे वजन साधारण साडेसात टन असते. शेततळ्यासाठी जे मोठे पोकलेन येते त्याचे वजन २० टनांच्या आसपास असते. त्याचे बकेट एका खेपेस सुमारे एक घनमीटर, म्हणजे दीड टन माती उचलते. तीन धष्टपुष्ट बैल एकत्र उचलून गरकन फिरवावेत, असे ते काम आहे. त्याचा हात लांबविला असता तो ९ ते १० मीटर (सुमारे ३० फूट) अंतरापर्यंत पोहोचतो. आपण पाहणारे सहसा यंत्रापासून १० ते १५ फुटांवर उभे असतो, म्हणजे पूर्णपणे त्याच्या हाताच्या टप्प्यात असतो.

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल, बाजूंचा उतार एकास एक, अशा शेततळ्यातून २,१९६ घनमीटर माती निघते. वजनात ती तीन हजार टनांहून अधिक भरते. एवढा माल चार-सहा दिवसांत एका लहानशा जागेत हलविला जातो. म्हणून या जागेला शेत न समजता बांधकामाची जागा समजावे व त्याप्रमाणे वागावे.

यंत्र येण्यापूर्वी एक फेरी

यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी घरातील एखाद्या जाणत्या माणसाबरोबर सबंध क्षेत्रावरून पायी फिरावे. बरोबर चुन्याची फक्की घ्यावी. जमिनीखालून गेलेली पाइपलाइन, मोटारीची केबल, बुजविलेला जुना चर किंवा जुनी विहीर जेथे जेथे असेल, तेथे फक्कीने रेघ मारावी. जुनी बुजविलेली विहीर किंवा पेव ही फार फसवी जागा असते. वरून जमीन सपाट दिसते, परंतु २० टनांचे यंत्र वर आल्यावर आतली भर खचते. अशा जागा घरातील म्हाताऱ्या माणसांनाच आठवत असतात. त्यांना आवर्जून विचारावे.

यंत्र ज्या वाटेने येणार ती वाटही पाहावी. ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून केलेला मोरीवजा पूल भरलेल्या ट्रॉलीस पुरत असेल, पण ट्रेलरवर चढविलेल्या पोकलेनला पुरेलच असे नाही. पोकलेन ट्रेलरवरून उतरविण्यासाठी कठीण व सपाट जागा निवडावी. उताराच्या किंवा पाणी दिलेल्या जागी ते उतरविताना घसरून कलंडते. उतरविण्याच्या वेळी ट्रेलरच्या दोन्ही बाजूंस कोणीही उभे राहू नये, मदतीलासुद्धा नाही. माणसाच्या हाताने २० टन सावरले जात नाहीत.

विजेच्या तारा

शेतातील यंत्रकामात सर्वांत अधिक काळजी घेण्यासारखी ही बाब आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या शेतांवरून लघुदाबाच्या व ११ केव्हीच्या उघड्या तारा गेलेल्या असतात. रस्ते सोडून इतर ठिकाणी या तारा जमिनीपासून किमान ४.६ मीटर (१५ फूट) उंच असाव्यात, असा नियम आहे. आता जेसीबीचा मागचा हात पूर्ण उचलला तर तो ५ मीटरच्या वर जातो आणि मोठ्या पोकलेनचा त्याहून कितीतरी वर जातो. म्हणजे तार अगदी नियमाप्रमाणे असली तरीही यंत्राचा हात तिला सहज पोहोचतो. त्यात उन्हाळ्यात तारा तापून लांबतात व झोळ अधिक पडतो. खांब कललेला असेल तर विचारावयासच नको.

यासाठी शेततळ्याची जागा ठरवितानाच ती तारांपासून दूर घ्यावी. तारेखाली किंवा तारेच्या लगत खोदण्याखेरीज इलाजच नसेल, तर महावितरणच्या स्थानिक कार्यालयात आगाऊ अर्ज देऊन कामापुरता वीजपुरवठा बंद करून घ्यावा. तसे न जमल्यास यंत्राचा कोणताही भाग तारेच्या ३ मीटरच्या (१० फूट) आत येणार नाही, अशा बेताने काम आखावे. तारेच्या दोन्ही बाजूंस तेवढे अंतर सोडून जमिनीवर फक्कीची रेघ मारावी आणि त्या रेघेवर चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवाव्यात. ऑपरेटरची नजर बकेटच्या दातांवर असते, वर आकाशाकडे नसते. म्हणून खुणा जमिनीवरच हव्यात. तारेजवळ काम चालू असेपर्यंत एक माणूस फक्त तारेकडे पाहण्यासाठी ठेवावा. त्यास दुसरे काम सांगू नये.

‘आता भारनियमन आहे, तारेत वीज नाही,’ असे म्हणून काम रेटणारे पुष्कळ भेटतात. हा समज घातक आहे. शेतीपंपांची वीज पाळीपाळीने येते, पाळ्या बदलतात, आणि त्याच शिवारातून गावठाणाची वेगळी वाहिनीही गेलेली असू शकते. लेखी कळविल्याशिवाय व वायरमनने येऊन खात्री दिल्याशिवाय प्रत्येक तार जिवंत आहे, असेच समजावे.

आणखी एक चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. तळ्यातून निघालेली माती तारेखाली मोकळी जागा दिसते म्हणून तेथेच ढीग घालून टाकतात. ढीग ६ फुटांचा झाला की तारेची उंची तेवढी कमी झाली. पुढे त्याच ढिगावर कोणी कडबा रचतो, कोणी हायड्रॉलिक ट्रॉली उभी करून उचलतो आणि ट्रॉलीचे पुढचे टोक तारेस भिडते. तारेखाली माती टाकूच नये.

यंत्र तारेस लागलेच, तर काय करावे? ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहावे, शक्य असल्यास हात तारेपासून बाजूस घ्यावा. केबिनमध्ये तो बहुधा सुरक्षित असतो. एक पाय यंत्रावर व दुसरा जमिनीवर टाकला की वीज त्याच्या अंगातून जाते. बाहेरच्यांनी यंत्राजवळ धावत जाऊ नये. यंत्रातून उतरलेली वीज जमिनीत चारही बाजूंस पसरते आणि यंत्राजवळ ती अधिक तीव्र असते. चालणाऱ्याच्या दोन पावलांखालच्या जमिनीत विजेचा दाब वेगवेगळा असल्याने यंत्रास हात न लावताही धक्का बसतो. बैल-गायींच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर अधिक असल्याने त्यांना हा धोका माणसापेक्षा जास्त असतो. तेव्हा दावणही कामापासून लांब हलवावी. सर्वांनी किमान १० मीटर दूर थांबून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर व स्थानिक वायरमनला कळवावे. वीज गेल्यासारखी वाटली तरी उपकेंद्रातून ती पुन्हा सोडून पाहिली जाऊ शकते, म्हणून वायरमनने सांगेपर्यंत जागचे हलू नये. यंत्राने पेट घेतला तरच ऑपरेटरने दोन्ही पाय जुळवून, यंत्रास व जमिनीस एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी उडी मारावी आणि पाय न उचलता सरकत सरकत किंवा पाय जुळवूनच टुणटुण उड्या मारीत दूर जावे. काम सुरू होण्यापूर्वी ही गोष्ट ऑपरेटरला एकदा विचारून पाहावी. त्याला ठाऊक नसेल तर सांगावी. हिंदीत सांगावी लागली तरी सांगावी.

उभे कोठे राहावे

ऑपरेटर उंचावर बसतो, त्याला सगळे दिसत असेल, असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. पोकलेनच्या केबिनच्या उजव्या अंगास यंत्राचा जाड हात असतो, त्या बाजूचे त्याला नीट दिसत नाही. पाठीमागे इंजिन व लोखंडी वजन असते, तिकडचे तर जवळजवळ काहीच दिसत नाही. जेसीबीने मागच्या हाताने खोदताना ऑपरेटर खुर्ची फिरवून मागे तोंड करून बसतो. त्या वेळी यंत्राची पुढची बाजू त्याच्या पाठीशी असते. पुढच्या बकेटमध्ये माती भरून ते उचलून चालला की समोरचे दिसत नाही. बसलेला माणूस किंवा लहान मूल तर यंत्राच्या अगदी जवळ असल्यास कोणत्याही बाजूने दिसत नाही.

सोपा नियम असा, की आपणांस ऑपरेटरचे डोळे दिसत नसतील तर त्यालाही आपण दिसत नाही. यंत्राजवळ जाण्याचे काम पडलेच, तर आधी त्याच्या समोर लांब उभे राहून हात करावा. त्याने बकेट जमिनीवर टेकवून हात दांड्यांवरून काढल्यावरच पुढे जावे.

पोकलेन वळते तेव्हा सर्वांचे लक्ष बकेटकडे असते आणि मागचे वजन उलट्या बाजूस फिरते, इकडे कोणी पाहत नाही. मागे झाड, मातीचा ढीग किंवा उभी ट्रॉली असेल आणि मध्ये माणूस असेल, तर त्याला सुटायला जागा मिळत नाही. म्हणून यंत्र उभे करतानाच त्याच्या मागे मोकळी जागा ठेवावी. तशी जागा नसल्यास ती फट फांद्या, काटक्या टाकून बंद करावी, म्हणजे कोणी तेथून वाट काढणार नाही.

कामाच्या जागेभोवती काठ्या रोवून सुतळी बांधावी व तिला रंगीत चिंध्या लावाव्यात. जेसीबीभोवती १० मीटर आणि मोठ्या पोकलेनभोवती १५ मीटर अंतर सोडावे. खडक फोडण्याचा ब्रेकर लावला असेल तर हे अंतर २० मीटरपेक्षा कमी नसावे, कारण खडकाच्या कपऱ्या गोफणीतल्या दगडासारख्या उडतात. या दोरीच्या आत फक्त दोन माणसे असावीत, एक ऑपरेटर आणि दुसरा त्याला खूण करणारा. खूण करणारा एकच हवा. बांधावरून चार जणांनी चार दिशांना हात केले की ऑपरेटरचा गोंधळ होतो. थांबण्याची खूण मात्र कोणीही करावी आणि ऑपरेटरने ती कोणाचीही पाळावी. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून फुली करणे, ही खूण इंजिनाच्या आवाजातही कळते. पहिल्याच दिवशी ती ठरवून घ्यावी.

सुट्टीच्या दिवसांत मुले यंत्र पाहण्यास येणारच. त्यांना हाकलून ती जात नाहीत, हे आपण सर्व जाणतो. त्यापेक्षा लांबवरच्या एखाद्या झाडाखाली त्यांची जागा ठरवून द्यावी व घरातील मोठे माणूस तेथे बसवावे. मजूर बायांची तान्ही मुले झोळीत असतात. ती झोळी कामाजवळच्या झाडाला बांधू देऊ नये. ट्रॉल्यांची येजा जेथून आहे, त्या वाटेवरही नको.

दुपारच्या विसाव्याबद्दल मुद्दाम सांगावेसे वाटते. उजाड रानात सावली म्हणजे यंत्राचीच. क्लीनर पोऱ्या किंवा एखादा मजूर जेवण करून यंत्राखाली किंवा चाकाला टेकून आडवा होतो. ऑपरेटर येतो, चावी मारतो आणि यंत्र मागे घेतो. हे टाळण्यासाठी कामाजवळ एक साधा मांडव घालावा, चार बांबू व ताडपत्री पुरते. आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी ऑपरेटरने यंत्राभोवती पायी एक फेरी मारून हॉर्न वाजवावा, असा दंडक घालावा. इंजिन थांबविताना बकेट नेहमी जमिनीवर टेकवावे. बकेट हवेत ठेवून ऑपरेटर चहाला गेला आणि तेलाची नळी फुटली, तर ते खाली येते. उचललेल्या बकेटखालून कोणीही जाऊ नये. त्या नळ्यांत तेलाचा दाब फार मोठा असतो. बारीक छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडीत सुईसारखी घुसते. गळती बोटाने चाचपून पाहू नये, पुठ्ठा धरून पाहावी. असे तेल अंगात घुसल्यास जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बकेटमध्ये बसून ओढा ओलांडणे, बकेटमध्ये उभे राहून झाडाच्या फांद्या तोडणे, जेसीबीच्या पायरीवर लटकून गावात जाणे हे प्रकार गावोगाव चालतात. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. करू नये.

कडा, उतार आणि चर

काळ्या जमिनीत उन्हाळ्यात खोल भेगा पडलेल्या असतात. वरून टणक दिसणारी कड आतून फाटलेली असते. खाली मुरूम, वर काळी माती असा थर असेल, तर वरचा थर मुरमावरून घसरतो. म्हणून यंत्राने कड आपल्या पोटाखालून पोखरत नेऊ नये. पट्टे किंवा चाके कडेला समांतर न ठेवता काटकोनात ठेवावीत, म्हणजे जमीन खचू लागल्यास यंत्र सरळ मागे घेता येते. कडेशी समांतर अशी बारीक नवी भेग दिसली, की काम थांबवून सर्वांना मागे घ्यावे. ढेकळे आपोआप सुटून खाली पडू लागणे ही दुसरी सूचना आहे.

वेळ वाचावा म्हणून ऑपरेटर बाजू उभ्या कापतो आणि ‘नंतर उतार देऊ’ म्हणतो. हे मान्य करू नये. मुरमाड जमिनीत एकास एक उतार पुरतो, परंतु खोल काळ्या किंवा भुसभुशीत जमिनीत तो दीड ते दोनास एक, म्हणजे एक मीटर खोलीस दीड ते दोन मीटर आडवा द्यावा. यामुळे साठवण थोडी कमी होते, हे खरे; पण तळ्याची बाजूही पहिल्या पावसात ढासळत नाही आणि पुढे प्लास्टिकचे अस्तर नीट बसते. निघालेली माती कडेवर न टाकता कडेपासून किमान दीड मीटर जागा सोडून टाकावी. कडेवरचा ढीग म्हणजे आधीच अशक्त कडेवर ठेवलेले टनावारी ओझे होय.

पाइपलाइनचा चर हा तळ्यापेक्षा लहान दिसतो, म्हणून माणसे त्यात बिनदिक्कत उतरतात. वास्तविक शेततळ्याच्या उतरत्या बाजूपेक्षा चराच्या उभ्या भिंती अधिक धोक्याच्या. छातीइतका, म्हणजे दीड मीटर खोल चर असेल आणि त्यात पाइप जोडण्यास माणूस वाकून बसला असेल, तर तो पुरता मातीखाली जातो. एक घनमीटर मातीचे वजन दीड टन असते, ओली असल्यास आणखी अधिक. डोके बाहेर राहिले, पण छाती दबली, तरी श्वास घेता येत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजू तिरप्या कापाव्यात किंवा फळ्या व आडवे टेकू लावावेत. त्याहून चांगले म्हणजे पाइप वरच जोडून मग दोरांनी खाली सोडावेत. पीव्हीसीच्या व एचडीपीईच्या पाइपांना हे सहज साधते. चरात माणूस असताना यंत्राने त्याच चराच्या कडेने चालू नये.

जुन्या विहिरीतील गाळ काढण्यासाठी अलीकडे लहान पोकलेन क्रेनने आत सोडतात. विहीर म्हणजे तळ बंद असलेले भांडे आहे. आत डिझेल इंजिन चालले की त्याचा धूर तेथेच कोंडतो. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नाही, रंग नाही. जुने लोक कंदील खाली सोडून हवा पाहत, ती रीत प्राणवायू आहे की नाही एवढेच सांगते. कंदील तेवत राहिला तरी हा विषारी वायू आत असू शकतो. म्हणून अशा कामात वरून हवा सोडणारा पंखा सतत चालू ठेवावा, इंजिन चालू असताना दुसरे कोणी खाली उतरू नये आणि ऑपरेटरला डोके दुखणे, मळमळ, चक्कर यांपैकी काही वाटताच त्याला वर घ्यावे. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे उडी घेणारा दुसराही बहुधा पडतो. आत उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधलेला असेल, तर वरून ओढता येते.

ट्रॉली भरताना व उलटताना

ट्रॉली भरताना ट्रॅक्टरचालकाने जागेवर बसून राहू नये. ट्रॅक्टरला केबिन नसते. बकेट ट्रॅक्टरवरून न नेता ट्रॉलीच्या मागून किंवा बाजूने न्यावे. भरावावर किंवा तळ्याच्या कडेला ट्रॉली मागे घेताना चाकास अडेल असा लाकडी ओंडका आधीच टाकून ठेवावा. हायड्रॉलिक ट्रॉली उचलताना दोन्ही चाके समपातळीत हवीत. एक चाक भुसभुशीत जागी असले की ट्रॉली कलते, आणि ओली चिकण माती एका अंगास चिकटून राहिली तर आणखी कलते.

रुतलेले यंत्र ट्रॅक्टरने ओढून काढण्याचा मोह आवरावा. साखळी ट्रॅक्टरला उंच जागी अडकविली आणि समोरचे यंत्र हलले नाही, तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि क्षणात तो चालकावर पालथा होतो. ओढायचेच असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी, हिसके देऊ नयेत, आणि साखळी किंवा वायर रोपच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणास उभे राहू देऊ नये. तुटलेला वायर रोप चाबकासारखा फिरतो. रुतलेले पोकलेन सहसा आपल्याच हाताच्या जोरावर बाहेर निघते. जाणता ऑपरेटर ते करतो, त्याला वेळ द्यावा.

ताशी भाडे आणि रात्रपाळी

वेळ द्यावा असे लिहिणे सोपे आहे. यंत्र ताशी भाड्याचे असते, घड्याळ चालू असते आणि प्रत्येक थांबलेले मिनिट शेतकऱ्याला खिशातून गेल्यासारखे वाटते. माझ्या मते शेतातील निम्मी बेफिकिरी या ताशी भाड्यातून जन्मते. आपणच ऑपरेटरला ‘उरक’ म्हणतो, आपणच जेवणाची सुट्टी कमी करतो. शक्य असेल तेथे काम घनमीटरवर ठरवावे. तळ्याचे माप ठरलेले असते, हिशेब करणे अवघड नाही. १५ बाय १५ बाय ३ मीटरच्या तळ्यास एकास एक उताराने ४४१ घनमीटर होतात. घनमीटरवर काम ठरले, की उतार देण्यास, कडेपासून माती लांब टाकण्यास, फेरी मारून हॉर्न वाजविण्यास लागणारा वेळ आपणांस खुपत नाही. ऑपरेटरला मात्र घाई होऊ शकते, म्हणून बाजूंचा उतार व मातीचे अंतर आधीच कागदावर लिहून घ्यावे.

हंगामात यंत्रांना मागणी एवढी असते, की ऑपरेटर दिवसा एका शेतात आणि रात्री दुसऱ्या शेतात काम करतो. यंत्र आले की त्याला पहिला प्रश्न विचारावा, ‘काल झोप कधी झाली?’ उत्तर समाधानकारक नसेल तर जेवू घालून चार तास झोपू द्यावे. ते चार तास वाया जात नाहीत. रात्रीचे काम टाळावेच. यंत्राच्या दिव्यांत समोरचा भाग उजळतो. कड, भेग, तार व माणूस अंधारात राहतात.

अपघात घडल्यास

यंत्र जेथे आहे तेथेच थांबवावे. माणूस खाली सापडला असेल तर घाईने यंत्र पुढे-मागे घेतल्याने दुखापत वाढते. कोणत्या दिशेने ते सुटेल हे पाहून मगच हलवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ व इतर मदतीसाठी ११२ क्रमांक फिरवावा. शेतापर्यंतची वाट सांगता यावी म्हणून गट क्रमांक, जवळचे मंदिर किंवा फाटा यांची नावे सांगावीत आणि एक माणूस दुचाकीवरून डांबरी रस्त्यावर पाठवावा.

मातीखाली कोणी गाडला गेल्यास त्याच्यावर बकेट चालवू नये. माती पुन्हा घसरणार नाही याची खात्री करून, थोड्याच माणसांनी फावड्याने व शेवटी हातांनी माती काढावी. आधी तोंड मोकळे करावे, लगेच छाती मोकळी करावी, पाय मागाहून. अर्धवट निघालेल्याला दोर बांधून ओढू नये.

विम्याबद्दल थोडक्यात. रस्त्यावर चालणाऱ्या जेसीबीस नोंदणी व विमा लागतो; काम ठरविताना ते कागद आणि ऑपरेटरचा परवाना पाहून घ्यावा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूस २ लाख रुपये मिळतात, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आपल्याकडे येणाऱ्या भूमिहीन मजुरास ही योजना लागू नाही. त्याच्यासाठी बँक खात्यावरील प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाचा हप्ता २० रुपये, वय १८ ते ७०, आणि संरक्षण २ लाखांचे. कामावर येणाऱ्या प्रत्येकाकडे ती आहे का, हे विचारावे आणि नसल्यास हप्ता आपण भरावा. डिझेलच्या हिशेबात तो दिसणारही नाही.

शेवटचा दिवस

काम आटोपून यंत्र बाहेर पडण्यापूर्वी त्याच्याकडून दोन गोष्टी करून घ्याव्यात. एक म्हणजे कडेने सुटू पाहणारी ढेकळे, लोंबकळते दगड खाली पाडून घेणे. दुसरी म्हणजे ट्रॉल्यांसाठी केलेला उताराचा रस्ता बंद करणे, नाहीतर गुरे व मुले त्याच वाटेने पाण्यात उतरतात. पाऊस पडण्याच्या आधी चारही बाजूंनी तारेचे किंवा काटेरी फांद्यांचे कुंपण करावे. अस्तर घातलेल्या तळ्यात प्लास्टिक शेवाळून निसरडे होते, पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. त्यासाठी चारही बाजूंस जागोजाग गाठी मारलेला जाड दोर काठावरील पक्क्या खुंटीस बांधून पाण्यात सोडून ठेवावा आणि हवा भरलेली जुनी ट्यूब काठावर टांगावी. दोर उन्हाने कुजतो, तो दरवर्षी मृगाच्या आधी बदलावा.